आपापल्या घरावर उभे राहा

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमचे मुख्य अभियंता, ज्यांना आम्ही समोर आणि पाठीमागेही मोठे साहेबच म्हणतो. व्यासपीठावर बसलेले महापौर महोदय. मलनिस्सारण आणि पर्जन्यजल विभागातले माझे सहकारी. पंपगृहावरची पाळी बदलून आलेली मंडळी. निरनिराळ्या गल्ल्यांतून आवर्जून आलेले नागरिक. आणि जिच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत, ती आजची सत्कारमूर्ती. सर्वांना माझा नमस्कार.

तिसऱ्या रांगेत कडेला माझी आई बसली आहे. तिलाही नमस्कार. ती माझ्या बोलावण्यावरून आलेली नाही, सत्कारमूर्तीच्या बोलावण्यावरून आली आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आज मी जे बोलणार आहे ते साधारण याच गोष्टीभोवती फिरणार आहे.

निरोपाच्या भाषणात जाणाऱ्या माणसाचं कौतुक करावं, असा संकेत आहे. माझ्याआधीच्या वक्त्यांनी तो इतका चोख पाळला की माझ्यासाठी कौतुक उरलेलंच नाही. मग मी काय बोलावं? माझ्याजवळ हिच्याबद्दल एकच गोष्ट शिल्लक आहे, आणि ती म्हणजे हेवा. आम्ही दोघी इतकी वर्षं एका खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर बसलो. पाण्यात पाहणं ज्याला म्हणतात, ते मी आमच्या खात्याला शोभेल अशा निष्ठेने केलं आहे. हसू नका. मोठे साहेब हसले तर चालेल, त्यांना माहीत आहे.

हिचं अधिकृत पद लोकसहभाग समन्वयक. पण हे नाव घेऊन एखाद्या गल्लीत चौकशी करून पाहा, कुणी ओळखणार नाही. नकाशाताई म्हणा, लहान मूलसुद्धा सांगेल. आता मला सांगा, नकाशे काढते कोण? सर्वेक्षणाची मंडळी उतार मोजून आणतात, त्यावरून मी एकेक वाहिनी, एकेक चेंबर, एकेका घराची जोडणी कागदावर उतरवते. नकाशे माझे. आणि नकाशाताई ती. मला गल्लीत काय म्हणतात? 'त्या नकाशाताईंबरोबर येतात ना, त्या.'

जे नागरिक आहेत त्यांना आमचं काम थोडक्यात सांगते, खात्यातल्यांनी तेवढ्यात जांभई देऊन घ्यावी. शहराच्या पोटात दोन वेगळ्या वाहिन्या असतात. घरातलं सांडपाणी एकीतून शुद्धीकरण केंद्राकडे जातं. पावसाचं पाणी दुसरीतून नदीकडे जातं. दोघींनी एकमेकींच्या संसारात लक्ष घालायचं नाही, असा नियम आहे. पण आपल्या शहरात अनेक घरांनी छताचं पाणी सांडपाण्याच्या चेंबरला जोडून ठेवलेलं होतं. का? तर अंगणात पाणी साचतं, चेंबर जवळ आहे, चार पाइप लावले की काम झालं. मग पाऊस झाला की ती वाहिनी तुंबते आणि सखल भागातल्या लोकांच्या न्हाणीघरात उलटी येते. तक्रार सगळे करायचे. आपलं छत कुठे जोडलंय ते कुणीच सांगायचं नाही. आमच्या खोलीत एक वाक्य कायम असायचं : पाणी कुठंतरी मुरतंय.

मी उपाय सुचवला होता. घराघरांत तपासणी, नोटिसा, दंड. तो मंजूरही झाला होता. पण नव्यानेच रुजू झालेली ही बाई साहेबांकडे गेली आणि म्हणाली, "नोटीस मिळाली की लोक पाइपवर माती टाकतील. मला समोरच्या टेबलावरचा नकाशा द्या, आणि एक मोठा हॉल द्या."

साहेबांनी दिला. साहेब, त्या वेळी मी तुमच्याशी आठवडाभर फक्त कामापुरतं बोलत होते, हे तुमच्या लक्षात आलं नसेलच.

हिने काय केलं? एका गल्लीचा माझा नकाशा जाड कापडावर एवढा मोठा छापून घेतला की तो व्यायामशाळेच्या हॉलमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरला. शिवणकाम करणाऱ्या बाई त्या मागे बसल्या आहेत, त्यांनी त्याला कडा शिवून दिल्या. खुर्च्या काढून टाकल्या. व्यासपीठ नाही, माईक नाही. लोक आले, तशी ही दारात उभी राहून म्हणाली, "चपला बाहेर. आत या, आणि आपापल्या घरावर उभे राहा."

मी भिंतीला टेकून उभी होते. मनात म्हटलं, झाला पोरखेळ सुरू.

पहिली काही मिनिटं नुसता गोंधळ. कुणाला घर सापडेना, कुणी उलट्या बाजूने गल्लीत शिरलं. एक बाई शेजाऱ्याला म्हणाल्या, "अहो, तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात उभे आहात." ते म्हणाले, "वहिनी, तुमची भिंतच आमच्या हद्दीत आहे, मी काय करू?" त्या भिंतीचं भांडण जुनं होतं, हे मला नंतर कळलं. हिला मात्र आधीच माहीत होतं, कारण ही आधी चार वेळा त्या गल्लीत जाऊन बसून आली होती.

सगळे आपापल्या घरावर स्थिरावले, तेव्हा ही म्हणाली, "आता पाऊस पडतोय असं समजा. तुमच्या छताचं पाणी जिकडे जातं, तिकडे चालत जा."

कुणी हलेना. मग एक निवृत्त शिक्षक अगदी रुबाबात निघाले आणि रस्त्याकडेच्या पावसाच्या गटारावर जाऊन उभे राहिले. त्यांच्या बायकोने घरावरूनच हाक मारली, "अहो, खोटं कशाला चालताय?"

हॉलमध्ये जे हसू उठलं ना, ते मला अजून ऐकू येतं. गुरुजी स्वतः हसले, मागे फिरले आणि निमूटपणे सांडपाण्याच्या चेंबरवर जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागून एकेक जण. शेवटी त्या चेंबरवर इतकी गर्दी झाली की लोक एकमेकांच्या पायांवर पाय देऊ लागले. तेव्हा ही हळूच म्हणाली, "वाहिनीला असंच होतं."

एवढंच. दुसरं काही भाषण नाही. मग तिथेच ठरलं : खात्याने पावसाची वाहिनी दारापर्यंत आणायची, लोकांनी आपला पाइप तिकडे वळवायचा, दंड कुणालाच नाही. लोकांनी सांगितलेलं सगळंच बरोबर निघालं असं नाही हं. एक काका शपथेवर सांगत होते की त्यांच्या अंगणाखाली जुनी विहीर आहे. आम्ही खणलं, निघाली त्यांचीच पुरून टाकलेली पाण्याची टाकी. पण माझ्या नकाशातही चुका निघाल्या, आणि त्या कापडावर उभ्या असलेल्या माणसांनीच काढल्या. गल्लीमागून गल्ली हे काम झालं, आणि आज सखल भागातली बहुतेक न्हाणीघरं कोरडी आहेत. 'बहुतेक' म्हणतेय. त्या शब्दाकडे मला परत यायचं आहे.

तर लोक हिला जीव लावू लागले. आमच्या खोलीत हिच्या टेबलामागच्या खिडकीत कुंड्यांची रांग आहे. प्रत्येक कुंडी कुणीतरी दिलेली. माझ्या टेबलामागे नकाशांच्या गुंडाळ्या. सकाळी ही कुंड्यांना पाणी घालायची आणि प्रत्येकीला गल्लीच्या नावाने हाक मारायची. मी म्हणायचे, "पाणी जपून घाल, गुंडाळ्या भिजतील." इतकी वर्षं मी हिला सकाळी सकाळी हेच वाक्य ऐकवलं. 'तुझी झाडं छान आली आहेत' हे म्हणायचं कायम राहून गेलं.

कुंड्यांचंही मी एकवेळ सोसलं असतं. फोनचं सोसवेना.

माझी आई सखल गल्लीत राहते. मी त्याच घरात वाढले. मी कॉलेजात असताना पावसाच्या दिवसांत आमच्या दारात घोट्याच्या वर पाणी असायचं. मी बूट हातात घेऊन निघायचे आणि कोपऱ्यावर जाऊन, पाय पुसून घालायचे. मग एका वर्षी ते पाणी साचायचं थांबलं. मला वाटलं, महापालिकेने काम केलं. महापालिकेवर इतका विश्वास असलेली शहरात मी एकटीच असेन, बहुधा म्हणूनच मला इथे नोकरी मिळाली.

त्या गल्लीची पाळी आली, तेव्हाही मी भिंतीला टेकून उभी होते. आई आली, चपला काढल्या, बरोबर आमच्या घरावर जाऊन उभी राहिली. माझ्याकडे बघून हात केला, जसा शाळेच्या कार्यक्रमात मी तिला करायचे तसा. मग चालायची वेळ आली. मी अगदी निश्चिंत. आमचं पाणी पुढच्या दारातून पावसाच्या गटारात जातं, नकाशात मीच दाखवलेलं.

आई वळली आणि मागच्या अंगणातून सरळ सांडपाण्याच्या चेंबरवर जाऊन उभी राहिली.

"माझ्या घराचं इथं येतं," ती म्हणाली. "मागच्या गोदामाच्या छताचंही आमच्याकडे उतरतं, तेही इथंच. ह्यांनी जोडलं होतं." ह्यांनी म्हणजे माझ्या वडिलांनी. ते कारखान्यात फिटर होते, आता नाहीत.

बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. हिच्याकडे बघत होती. आणि ही म्हणाली, "बरं झालं काकू, सांगितलंत."

सभा संपल्यावर मी आईला गाठलं. म्हटलं, "अगं, मला नाही का सांगायचं? मी याच खात्यात आहे."

ती म्हणाली, "तू विचारलंस कधी?"

आपण ज्या प्रश्नावर आयुष्यभर काम करतो, तोच आपल्या घरी विचारायचा राहतो, असं का होतं? मला त्या वेळी एवढंच माहीत होतं की माझ्या आईने घरातली गोष्ट माझ्याआधी दुसऱ्या बाईला सांगितली.

त्यानंतर आई हिला फोन करू लागली. आमची खोली लहान, ही फोन कानाला लावून 'बोला काकू' म्हणाली की पलीकडचा आईचा आवाज मला माझ्या टेबलापर्यंत यायचा, शब्द नाहीत, नुसता सूर. हसरा सूर. मी पट्टी घेऊन आधीच मोजलेलं पुन्हा मोजत बसायचे.

"कुणाचा होता?"

"अगं, तुझ्या आईचा."

"काय म्हणत होती?"

"काही नाही. सहज."

सहज. मला आईचा फोन आला तर गॅस संपलेला असतो किंवा गुडघा दुखत असतो. सहज म्हणून तिने मला केलेला फोन मी आठवून आठवून पाहिला. सापडला नाही. तुमच्यापैकी कुणाच्या आईने दुसऱ्या कुणाला सहज फोन केला असेल, तर त्यांना माझं म्हणणं कळेल. ज्यांच्या आईने नसेल केला, त्यांनी घरी जाऊन खात्री करून घ्यावी.

आता त्या 'बहुतेक'कडे येते. आमच्या गल्लीत सगळ्यांनी पाइप वळवले, एक घर सोडून. ते घर आमचं. आणि गोदामाचं छत जोडलेलं असल्यामुळे त्या एका पाइपातून इतकं पाणी येतं की शेजारच्या सुताराच्या न्हाणीघरात ते अजूनही वर येतं. सुतारदादा इथे आले आहेत. मला रस्त्यात गाठून ते म्हणाले होते, "इंजिनीअरबाई, आमच्याकडे तुमच्या घरचा पाऊस पडतो." बोलणं बरोबर होतं, आणि झोंबायचं तेवढं झोंबलं.

मी दोनदा गेले. प्लंबरला घेऊन, टेप घेऊन, पाना घेऊन. फाटकातून थेट मागच्या अंगणात. आई मागच्या दारात येऊन उभी राहिली आणि दोन्ही वेळा एकच शब्द बोलली, "बघू." मी खूप समजावलं. उतार सांगितला, पाण्याचं प्रमाण सांगितलं. "बघू." शेवटी मी म्हटलं, "नकाशाताई आली असती तर लगेच तोडू दिला असतास." आई आत निघून गेली. त्यानंतर आमचं गॅस आणि गुडघ्याच्या पलीकडे बोलणं झालेलं नाही.

हिला मी एकदा टाकून बोलले, "तुझं ऐकते ना ती? मग सांग की तिला." तर ही म्हणते, "त्यांना माझ्याशी बोलायचं असतं, पाइपबद्दल नाही." मी म्हटलं, "मग कशाबद्दल?" ही कुंडीतली वाळलेली पानं काढत बसली. त्या दिवशी मला हिचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कुणाचा आला नसेल.

आता ही दुसऱ्या शहरात मोठ्या जागेवर चालली आहे. लोकसहभागाचं काम पुढची नेमणूक होईपर्यंत माझ्याकडे आलं आहे. आमचे स्टोअरकीपर नियमाचे पक्के. खात्याची वस्तू निरोपाच्या कार्यक्रमाआधी जमा झालीच पाहिजे, नाहीतर माणूस हारासकट वस्तू घेऊन जातो, असा त्यांचा अनुभव. त्यामुळे हिचा कामाचा फोन काल संध्याकाळी जमा झाला आणि आज सकाळी माझ्या नावावर चढून माझ्या हातात आला. नंबर तोच. शहरातल्या निम्म्या घरांत जो 'नकाशाताई' म्हणून लिहिलेला आहे, तो नंबर. हे कुणाला कळवायचं अजून राहून गेलं होतं.

सकाळी हॉलमध्ये खुर्च्या लावत असताना तो वाजला. आजूबाजूला खुर्च्यांचा खडखडाट, माईकवाल्यांचं हॅलो हॅलो. मी फोन कानाला लावला.

"ताई, मी बोलतेय. गडबडीत आहात का?"

माझी आई. मी सांगायला हवं होतं की ताई नाही, मी आहे. मी 'हं' म्हटलं. का म्हटलं? इतकी वर्षं मी भिंतीला टेकून उभी होते. पहिल्यांदाच मला तिच्या जागेवर उभं राहायला मिळालं होतं. पाय तिथून हलेना.

आई, तू आता मान खाली घालू नकोस. मी तुझी परवानगी न घेता हे सांगतेय, पण तूही त्या कापडावर माझी परवानगी घेतली नव्हतीस. फिटंफाट.

ती म्हणाली, "आज माझी मुलगी बोलणार आहे ना. तिला लोकांसमोर बोलायची भीती वाटते, दाखवत नाही. तुम्ही तिला दिसाल अशा बसा."

मी हं म्हटलं.

मग म्हणाली, "पाइपचं तेवढं राहिलं बघा. तुम्ही म्हणाला होतात, तिला खरं सांगून टाका. पण कसं सांगू? ह्यांनी तो पाइप तिच्यासाठीच जोडला होता हो. पोरगी बूट हातात घेऊन कॉलेजला जायची, ते त्यांना बघवायचं नाही. एका रविवारी बसून सगळं केलं आणि म्हणाले, हिला सांगू नकोस, हिला वाटू दे आपोआप झालं. आता तीच म्हणते, हा पाइप चूक आहे. चूक आहे, मला कळतंय. सुतारांना त्रास होतो, कळतंय. पण ती येते ती थेट मागे जाते, पाना घेऊन. घरात येतच नाही. तिला एकदा सांगा ना, आधी बस म्हणावं. चहा घे. मग काय तोडायचं ते तोड."

मी फोन ठेवला. खुर्च्या लावायच्या होत्या.

म्हणजे एवढी वर्षं आई हिला सहज फोन करून माझ्याबद्दल बोलत होती. आणि हिने ते माझ्यापर्यंत एकदाही येऊ दिलं नाही, कारण ते आईने सांगायचं होतं, हिने नाही. सत्कारमूर्ती, तू समोरच बसली आहेस, मला दिसशील अशी. आईने तुला ते सांगितलंच नव्हतं, कारण तो निरोप तुझ्यापर्यंत पोचलाच नाही. म्हणजे तू आपणहून बसलीस. मग माझा हेवा कमी झाला का? नाही. तो वाढलाच. पूर्वी मला वाटायचं, हिच्याजवळ लोकांना बोलतं करायची युक्ती आहे. युक्ती शिकता येते. हिला ऐकलेलं पोटात ठेवता येतं, आणि मी तर आत्ता सकाळचा फोन अख्ख्या हॉलला सांगून मोकळी झाले. आता हे मी कुठून शिकू?

तू जाताना कुंड्या नेणार नाहीस, असं ऐकलं. ठेव. गुंडाळ्या मी दुसरीकडे हलवते.

सुतारदादा, तुमच्याकडे या वेळी आमच्या घरचा पाऊस येणार नाही. त्याला एक-दोन दिवस लागतील, कारण आधी दुसरं काम आहे.

महापौर महोदय, अध्यक्ष महोदय, मला बोलायची संधी दिलीत, दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलू दिलंत, त्याबद्दल तुमचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या सगळ्यांचे आभार. कार्यक्रम निरोपाचा आणि गाऱ्हाणं घरचं, असं झालं असेल तर पोटात घाला. ते कसं घालायचं हे आज सत्कारमूर्तीकडून शिकता येईल. अजून काही कमी-जास्त झालं असेल, तर हा नंबर तुम्हा सगळ्यांकडे आहेच. आता मी उचलते.

आणि आई, उद्या सकाळी येते. पुढच्या दाराने. पाना आणत नाही.